धडधडीची गोळी

आम्ही बचत गटाच्या बायका. मागच्या वेळी कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आजचा विषय औषधाचा आहे, पण त्याची सुरुवातही बँकेच्या वाटेवरच झाली.

गेल्या पावसाळ्यात गटाच्या कर्जासाठी साहेबांसमोर उभं राहून हिशेब सांगायचा होता. आमची खजिनदार हिशेबाला पक्की. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की तिचे हात थरथरतात, छातीत धडधडतं. एसटीची वाट बघताना तिची अवस्था बघून गटातल्या एका काकूंनी पिशवीतून आपली गोळी काढून दिली. म्हणाल्या, "मला डॉक्टरांनी धडधडीसाठीच दिलीय. घे, शांत वाटेल." आम्ही सगळ्या तिथेच उभ्या होतो. खजिनदारताईला दमा आहे हे आम्हाला ठाऊक होतं. त्या गोळीचा आणि दम्याचा संबंध मात्र कुणालाच ठाऊक नव्हता.

हिशेब तिने झकास सांगितला. हात जरासुद्धा हलला नाही. पण बँकेची पायरी उतरता उतरता छातीतून शिट्टी वाजायला लागली. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. रात्री उशिरापर्यंत तिला ठेवून घेतलं, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

त्याच्यापुढची गोष्ट जास्त वाईट. काकू इतक्या घाबरल्या, की "असली गोळी मला नकोच" म्हणून त्यांनी स्वतःचंच औषध बंद केलं, आणि ते घरात कुणाला सांगितलंही नाही. आठवड्याभरात छातीत दुखायला लागलं. वेळेवर नेलं म्हणून निभावलं.

मग आम्ही आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना मासिक बैठकीला बोलावलं. त्यांनी सांगितलं ते आमच्या भाषेत सांगतो.

भीती वाटली, काळजी लागली, की मेंदू शरीराला हाक देतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यातून अॅड्रिनलीन रक्तात उतरतं. हृदयावर त्याच्यासाठी जणू कुलपं असतात. किल्ली फिरली की हृदय जोरात आणि भराभर पळायला लागतं. बीटा ब्लॉकर म्हणजे त्या कुलपात आधीच घालून ठेवलेली काडी. मग खरी किल्ली आत जात नाही. अॅड्रिनलीन येतं, पण हृदय त्याचं फारसं ऐकत नाही. हातांची थरथरही कमी होते. घाम मात्र थांबत नाही, त्याची तार वेगळी आहे.

आता हीच कुलपं श्वासनळ्यांवरही असतात. तिथे किल्ली फिरली की नळ्या मोकळ्या होतात. काडी घातली की दमेकऱ्याच्या नळ्या आवळतात. खजिनदारताईचं झालं ते हे. काही गोळ्या मुख्यतः हृदयापुरत्या चालतात, पण दमेकऱ्याने त्यासुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

आणि अचानक बंद का करायची नाही? रोज काडी असते म्हणून हृदय हळूहळू जास्तीची कुलपं तयार करतं. गोळी एकदम थांबली की ती सगळी एकदम उघडी पडतात. साध्या भांडणानेही हृदयावर मोठा भार येतो. ज्याला आधीच हृदयाचं दुखणं आहे त्याला झटकाही येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर थोडी थोडी कमी करत आणतात.

या गोळ्यांची नावं वाचायची सोपी खूण आहे. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल. बहुतेकींच्या शेवटी 'लॉल' येतं. यावर आमची बैठक पाच मिनिटं हसत होती. प्रोप्रॅनोलॉल शोधणारे जेम्स ब्लॅक हे ब्रिटनचे, त्यांना 1988 साली नोबेल मिळालं. हृदयाला जास्त रक्त पुरवण्यापेक्षा त्याचं कामच हलकं करावं, हा त्यांचा विचार. हात स्थिर राहतो म्हणून नेमबाजांना ही गोळी घ्यायला बंदी आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदकं याच औषधामुळे काढून घेतली.

मॅडमनी मग एक गंमत केली. शंभरातून सात वजा करत जायचं, मोठ्याने, भराभर, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मनावरचा ताण मोजायला डॉक्टर लोक अशीच तोंडी वजाबाकी करायला लावतात म्हणे. आमच्या सचिवताईची नाडी 78 वरून 104 वर गेली. काकूंची गोळी तोवर पुन्हा चालू झाली होती. त्यांची 62 वरून 66. आम्ही टाळ्या वाजवल्या, म्हटलं काकू खंबीर. तर काकू म्हणाल्या, "कसली खंबीर गं, पोटात गोळा आला होता. जीभसुद्धा वळत नव्हती."

मॅडम म्हणाल्या, हेच समजून घ्या. गोळी हृदयाला आवरते, काळजीला नाही. इतकंच काय, ताणाच्या वेळी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे नाडी फार वाढली नाही तरी रक्तदाब थोडाफार चढतोच. आणि साखरेचं औषध घेणाऱ्या बाईने तर जास्त जपायचं. साखर उतरली की जी धडधड आणि थरथर सावध करते, ती या गोळीखाली झाकली जाते. घाम फुटला की तिने साखर तपासायची.

काकूंचं ऐकून आम्ही गप्प झालो. त्यांच्या मुलाने खाजगी सावकाराकडून पैसे उचललेत, हे गावाला माहीत होतं. घरचे म्हणायचे, आईची नाडी बघा, कशी घड्याळासारखी चालते, आईला कसला त्रास? आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. पुढच्या दोन बैठका त्यावरच गेल्या. मुलगा एकदा येऊन बसला, दुसऱ्यांदा आला नाही. प्रश्न अजून सुटलेला नाही, पण आता काकू बोलतात.

वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही कुणाला दमा, कुणाला साखर, कुणाची कोणती गोळी, हे लिहून ठेवलंय. ज्यांनी आपणहून सांगितलं त्यांचंच.

खजिनदारताई दिवाळीनंतर पुन्हा बँकेत गेली, गोळीशिवाय. दोघीजणी तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. कागद चांगलाच फडफडत होता. साहेबांनी खुर्ची पुढे केली, ती बसली, आणि बसूनच सगळा हिशेब सांगितला.