डबे नेमके कुठे घसरतात?
(रौप्यमहोत्सवी छंद-प्रदर्शनात केलेले भाषण)

गेल्या रविवारी हॉलमध्ये तालीम घेतली, तेव्हा या गाडीचे लांब डबे त्या वळणाच्या तोंडाशी तीनदा घसरले. बच्चेकंपनी ओरडली, "काका, स्पीड कमी करा!" केला, तरी घसरलेच. दोष माझ्या रुळांचा होता.

ही गाडी एचओ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्शाची. सरळ रुळाला मी थेट ६० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ जोडलं होतं. त्या सांध्यावर पुढचा डबा वळायला लागतो, मागचा अजून सरळच असतो. दोघांची टोकं एका रेषेत राहत नाहीत आणि कपलिंग डब्याला आडवं ओढतं. खऱ्या रेल्वेत मध्ये संक्रमण वक्र असतो, त्यात बाक शून्यापासून हळूहळू वाढतो. कार चालवताना आपणही स्टिअरिंग एका झटक्यात फिरवत नाही ना!

मग वर्तुळ सुमारे ११ मिलिमीटर आत सरकवलं. जुन्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे २०-२० सेंटिमीटर सोडून मधल्या जागेत लाकडाची पातळ पट्टी वाकवून धरली. पट्टी आपणहून जो बाक घेते, तो जवळपास हवा तसाच असतो. गणिताची गरज नाही. त्यावर पेन्सिल फिरवली आणि लवचीक रूळ बसवला. जागा मात्र जास्त लागली, म्हणून बोगदा काढावा लागला. ज्या पिल्लांनी तो रंगवला होता, त्यांची जाहीर माफी!

चला, बटण कोण दाबतंय?