अनुराधपूरचे तीन रविवार
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मला समितीने सांगितलं की, बाई, श्रीलंकेच्या सहलीबद्दल दोन शब्द बोला. सहलीचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. मी आज फोटोत नसलेली गोष्ट सांगणार आहे, आणि तिच्यात माझी एक चूक आहे.

२०२३ च्या मे महिन्यात आपले यात्रेकरू श्रीलंकेला गेले. संघमित्रा थेरींनी नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला महाबोधी अनुराधपूरला आहे. ज्या देशात १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, तो देश बघायची इच्छा फार दिवसांची. आठ दिवसांनी मंडळी परतली. व्हिसा तीस दिवसांचा होता, म्हणून मी मागे राहिले. जन्मभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवलं. हात रिकामे राहवत नाहीत. म्हटलं, एखाद्या शाळेत पोरांना इंग्रजी शिकवू.

गावातल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक नम्रपणे म्हणाले, खात्याच्या परवानगीशिवाय बाहेरच्या माणसाला वर्गात उभं करता येत नाही. बरोबरच होतं त्यांचं. आपल्याकडे तरी कोणी करू देईल का? मग तिथल्या विहारातले भंते, जे काही वर्षं दिल्लीत शिकले होते आणि हिंदी बोलत, ते म्हणाले, रविवारी आमच्या दहम पासलला या. दहम पासल म्हणजे धम्माची शाळा. गावोगावच्या विहारात ती रविवारी सकाळी भरते. पुस्तकं सरकारचं बौद्ध व्यवहार खातं देतं, परीक्षाही होतात.

पहिल्या रविवारी साडेसातला गेले. पांढऱ्याशुभ्र कपड्यातली पोरं वाळूचं अंगण खराट्याने झाडत होती. शिपाई नाही, कोणी ओरडणारं नाही. मग सगळी बसली आणि त्रिसरण पंचशील सुरू झालं. तुम्हाला सांगते, माझे डोळे भरून आले. भाषा कळत नाही, अक्षरं जिलेबीसारखी गोल, पण पाली तीच! मी त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत म्हटलं. पोरं वळून वळून बघायला लागली, ही बाई कुठली?

आकड्यांत तर फार गंमत झाली. ते म्हणतात एक, देक, तुन, हतर, पह. मी म्हणायची एक, दोन, तीन, चार, पाच. दुसऱ्या रविवारी पोरं मराठीत दहापर्यंत मोजत होती.

आता चूक. मी इथून पेनांची दोन पाकिटं आणि चॉकलेटं नेली होती. पहिल्याच दिवशी वाटायला काढली. ढकलाढकली झाली, एक लहान मुलगी पडली. तिथली शिक्षिका, असेल बावीस-तेवीस वर्षांची, तिने शांतपणे पाकिटं माझ्या हातातून घेतली आणि कपाटात ठेवली. नंतर मला म्हणाली, पर्यटक पेनं वाटतात म्हणून मुलं रस्त्यावर परदेशी माणूस दिसला की हात पसरतात. तुम्ही द्यायचं असेल तर शाळेला द्या. हात पसरायची सवय आमच्या पोरांना नको. भगिनींनो, हे वाक्य तर आपल्या घरातलं! मी खाली मान घातली. २०२२ च्या आर्थिक संकटात त्या देशात परीक्षेला कागद मिळेनासा झाला होता, वह्या महागल्या होत्या. तरी ती हे म्हणत होती.

दुसरं तिने विचारलं, तुम्ही तीन आठवड्यांनी गेल्यावर हे इंग्रजी कोण शिकवणार? मला उत्तर आलं नाही. मग मी मुलांना शिकवणं कमी केलं. संध्याकाळी ती आणि तिच्या तीन मैत्रिणी यायच्या, आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यांची चित्रकार्डं करायचो, आणि वर्ग त्याच घ्यायच्या, मी मागे बसायची. पाहुण्याने एवढंच करावं असं माझं मत झालं आहे.

तिथे सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. जात तिथेही आहे. सियाम निकायात एकाच वरच्या जातीला उपसंपदा मिळते, म्हणून बाकीच्यांना वेगळे निकाय काढावे लागले. मी भंतेंना हे विचारलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले, तुमच्या बाबासाहेबांचं पुस्तक मी वाचलं आहे. त्यापुढे बोलले नाहीत.

त्या मुलींना पगार नाही. रविवारची सुट्टी सोडून येतात. शेवटच्या रविवारी तिने सहज विचारलं, तुमच्या विहारातल्या धम्मशाळेत किती मुलं? आणि मी म्हटलं, चाळीस.

आपल्याला माहीत आहे, आपला रविवारचा वर्ग कधीचाच बंद पडला. शिकवायला कोणी नाही म्हणून. मी त्याच वस्तीत, दोन जिने वर, सेवानिवृत्त होऊन चहा पीत बसले होते. मोबाईलने पोरं बिघडली असं मीच सगळ्यांना सांगत होते. दहा शीलांच्या गोष्टी शिकवणारी बाई त्या पोरीसमोर, विहाराच्या अंगणात, खोटं बोलली. विमानात मला झोप आली नाही.

परत आल्यावर पावसाळ्यात वर्ग पुन्हा सुरू केला. पहिल्या रविवारी चार मुलं आली, त्यातली दोन माझी नातवंडं. आज अकरा येतात. मी तिला पत्र लिहून खरं काय ते कळवलं. तिने उत्तरात पुठ्ठ्याच्या कार्डांचे फोटो पाठवले, बाकी काही लिहिलं नाही.

बारावी झालेल्या दोन मुली किंवा मुलगे मला हवे आहेत. माझ्या गुडघ्यांचा भरवसा नाही. रविवारी सकाळी साडेआठला या. खराटा मी आणून ठेवला आहे.

जयभीम!