मधुमेह आणि हिरड्यांवरील शस्त्रक्रिया

हिरड्यांची शस्त्रक्रिया तशी लहान. जागा बधिर करून हिरडी दाताच्या मुळापासून अलग करावयाची, मुळावरील कीटण खरवडून काढावयाचे व हिरडी पुन्हा बसवून टाके घालावयाचे. रोगी त्याच दिवशी घरी जातो आणि बहुधा एक ते दोन आठवड्यांत टाके निघतात. मधुमेही रोग्याच्या बाबतीत मात्र जखम रेंगाळण्याची, चिघळण्याची भीती अधिक.

याचे मूळ रक्तात आहे. जखमेकडे प्रथम पांढऱ्या पेशी धाव घेतात व जंतूंचा समाचार घेतात. साखर दीर्घकाळ चढलेली राहिली की या पेशी मंदावतात. नवी हिरडी विणण्यास लागणारे कोलॅजन या प्रथिनाचे धागे कमी बनतात. बनलेले लवकर तुटतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झाल्याने प्राणवायूही अपुरा पडतो. त्यातून तोंड म्हणजे जंतूंची वस्तीच. तेथील जखम कोरडी ठेवता येत नाही.

म्हणून मधुमेह्याने शस्त्रक्रिया करूच नये, असे मुळीच नाही. साखर आटोक्यात असेल तर हिरडी जवळजवळ इतरांप्रमाणेच भरून येते. मात्र हे आदल्या दिवशी गोड सोडून साधत नाही. एचबीएवनसी ही तपासणी मागील सुमारे ३ महिन्यांची सरासरी सांगते. तो आकडा बहुतेकांच्या बाबतीत ७ टक्क्यांच्या जवळपास अपेक्षित असतो. तो फार चढा असल्यास तातडीची नसलेली शस्त्रक्रिया दंतवैद्य पुढे ढकलतात. ती दिरंगाई नव्हे. दातांचा आणि साखरेचा काय संबंध, असे समजून मधुमेह सांगतच नाहीत, अशा रोग्यांची चिंता अधिक.

शस्त्रक्रियेनंतरची एक चूक तर जिवावर बेतू शकते. तोंड दुखते म्हणून जेवण टाळले, गोळी वा इन्सुलिन मात्र नेहमीप्रमाणे घेतले, की साखर एकाएकी उतरते; घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपते. औषधाची मात्रा डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावी आणि पेज, मऊ वरणभात, ताक वेळेवर घ्यावे. ठणका थांबावा म्हणून मिशरी लावणे तर सर्वथा वर्ज्य. तंबाखूने जखम भरणे आणखी लांबते.

या संबंधाची दुसरी बाजूही आहे. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यास ३-४ महिन्यांत एचबीएवनसी सरासरीने सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. हिरडीतून रक्त येते, दात हलतात, अशी तक्रार करणाऱ्या ग्रामस्थाला शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी दंतवैद्याकडे पाठविताना प्राथमिक आरोग्य केंद्रात साखरही तपासून घेण्यास सांगावे.