शेवटचा लांडगा, पहिला कप: जॉन वॉटसनची गोष्ट

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, आवाज जरा वाढवा. आज आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यात जायचंय, बॅलीडार्टन नावाच्या घरात.

या घरातल्या वॉटसन मंडळींना घोडे आणि शिकारी कुत्रे यांपलीकडे फारसं काही दिसतच नसावं. याच घराण्यातल्या एका जॉन वॉटसनने 1786 मध्ये आयर्लंडमधला शेवटचा लांडगा मारला, असं सांगतात. लांडगे संपले, मग कोल्हे! पुढच्या पिढीतला रॉबर्ट कार्लोतच कोल्ह्यांच्या शिकारीचा म्होरक्या. त्याचा भाऊ जॉर्ज ऑस्ट्रेलियाला गेला, तर तिथेही मेलबर्नमध्ये शिकारी कुत्र्यांचा ताफा उभा केला आणि घोड्यांच्या शर्यतींचा स्टार्टर झाला. म्हणजे देश बदलला, नाद तोच.

रॉबर्टचा मुलगा जॉन, तो आपला हिरो. 13व्या हुसार्स या घोडदळ रेजिमेंटमधून भारतात आला आणि इथे त्याला पोलो सापडला. आता गंमत बघा. हा खेळ मणिपूरचा, तिथे त्याला सगोल कांगजेई म्हणतात. 1859 मध्ये सिल्चरला इंग्रज मळेवाल्यांनी पहिला क्लब काढला आणि तिथून दहा-पंधरा वर्षांत खेळ डब्लिनच्या फिनिक्स पार्कपर्यंत पोचला.

तेव्हाचा पोलो म्हणजे नुसती झुंबड. सगळे बॉलच्या मागे, गल्लीतल्या फुटबॉलसारखे! बॉल मागे वळवायचा तर अख्खा घोडा वळवायचा. वॉटसनने दोन गोष्टी रुजवल्या. एक, चौघांनी आपापली जागा धरायची, एकाने मागे राखण करायची. दुसरी, बॅकहँड. घोडा पुढे धावतोय आणि काठीचा फटका उलट दिशेला. घोडा वळवण्यात जाणारा वेळ वाचला, आणि पास देणं खऱ्या अर्थाने शक्य झालं. स्वतः तो बॅकला खेळायचा, अंगाने दणकट, आणि मैदानावर आपल्याच लोकांवर प्रचंड ओरडायचा.

1886 मध्ये तो हर्लिंगहॅमची टीम घेऊन अमेरिकेत न्यूपोर्टला गेला. पहिला वेस्टचेस्टर कप. स्कोअर ऐका: 10-4 आणि 14-2. अमेरिकन टीममध्ये फॉक्सहॉल कीनसारखी जबरदस्त पोरं होती, पण समोरून येणाऱ्या पासिंगला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

लोक त्याला ‘आधुनिक पोलोचा जनक’ म्हणतात. मला तो शब्द जरा खटकतो. मणिपूरचे लोक शतकानुशतकं खेळत होते, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली? आणि अजून एक. 1881-82 च्या हिवाळ्यात आयर्लंडमधले कूळ-शेतकरी जमीनदारांविरुद्ध उठले होते, शेतातून शिकारीचे घोडे जाऊ देईनात. ज्या जमिनीवरून वॉटसनसारखी घराणी घोडे फेकायची, ती कसत दुसरंच कुणीतरी होतं. तरी पण तो बॅकहँड भारी होता, हेही खरंच!

पुढे जॉन मीथ परगण्यात शिकारीचा मास्टर झाला आणि 1908 मध्ये गेला. त्याने जिंकलेला कप तोवर ब्रिटनकडेच होता. पुढच्याच वर्षी अमेरिकन आले आणि हर्लिंगहॅमवर जिंकून घेऊन गेले. त्या टीमची गोष्ट पुढच्या भागात. भेटूच!