स्वस्त गाळणी, पण कोणाच्या हातांनी?



१९४६ साली बाबासाहेबांना संविधान सभेत पहिल्यांदा पाठवलं ते बंगालने. त्या बंगालच्या राजधानीतल्या सांडपाण्याबद्दल आज बोलायचं आहे. आपल्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर. विज्ञानाला जात नसते, असं आपण वर्गात शिकलो. रेणूला जात नसतेच. पण सांडपाणी कोणाच्या वस्तीकडे वाहतं आणि त्यात कोण उतरतं, हे मात्र जात ठरवत आली आहे.

कोलकात्याचं सांडपाणी कालव्यांतून शहराच्या पूर्वेला जातं. तिथे सुमारे १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. २००२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. तिथल्या मासेपालनाच्या उथळ तळ्यांना ‘भेरी’ म्हणतात. ऊन, शेवाळ आणि जिवाणू मिळून तिथे मैलापाणी निवळतं, त्यावर मासे वाढतात. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने हे जगापुढे मांडलं आणि हे ज्ञान तिथल्या कष्टकऱ्यांचं आहे, हेही ते सांगत राहिले.

पण उन्हाशेवाळाने सगळंच निवळत नाही. आपण प्रतिजैविकाची गोळी घेतो, तेव्हा सिप्रोफ्लोक्सासिनसारख्या औषधाचा बराच भाग लघवी-शौचातून तसाच बाहेर पडतो. सांडपाण्यातल्या अशा थोड्याथोड्या औषधाला सरावलेले जिवाणू पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. अशा पाण्याशी पहिली गाठ पडते ती त्यात गुडघाभर उभ्या असणाऱ्याची.

यावर एक साधा उपाय अभ्यासला जातो. भाताचा तूस, नारळाची करवंटी किंवा लाकडाचा भुसा कमी हवेत जाळून कोळसा करायचा. त्याच्या बारीक छिद्रांत औषधाचे रेणू चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात. तूस आणि करवंट्यांना बंगालमध्ये तोटा नाही.

मात्र असा शोधनिबंध हातात आला की तीन प्रश्न विचारा. प्रयोग शुद्ध पाण्यात केला की खऱ्या सांडपाण्यात? खऱ्या पाण्यातली इतर घाणही त्याच छिद्रांत जागा अडवते. पाण्याचा पीएच किती होता? त्यावर रेणूंचा विद्युतभार बदलतो आणि चिकटणंही. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : वापरलेल्या कोळशाचं काय करणार?

कारण औषध नष्ट झालेलं नसतं, ते कोळशात साठलेलं असतं. तो कोळसा कोणीतरी उपसणार, वाहणार, जाळणार. तो ‘कोणीतरी’ कोण असतो, हे आपल्या घरांना सांगावं लागत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं आजही गटारात मरतात.

म्हणून तुमच्यापैकी कोणी या विषयावर संशोधन करणार असेल, तर खर्चाच्या तक्त्यात एक ओळ वाढवा : यंत्र, हातमोजे, बूट आणि पुरेशी मजुरी. ती ओळ धरूनही गाळणी स्वस्त पडली, तरच तिला स्वस्त म्हणा. ही ओळ आपण लिहिली नाही, तर दुसरं कोण लिहिणार?

जय भीम.