ताडपत्रीखालची करिझ्मा

2003 साली आलेली 223 सीसीची करिझ्मा मोटरसायकल आजही कितीतरी पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी दिसते. तिला पुन्हा लांब पल्ल्यावर न्यायचंय? मग आधी कार्ब्युरेटर उघडा. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. पायलट जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते तेवढ्यानंही बुजतं. मग चोक ओढल्याशिवाय गाडी आयडलला टिकतच नाही. जेट काढून उजेडाकडे धरा, आरपार दिसलं पाहिजे. त्यात तार मात्र कधीही घालू नका! भोक मोठं झालं, की हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडलंच. कार्ब क्लीनर मारा, हवा मारा, बास.

डिस्क ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं. आणि टायर! नक्षी शाबूत दिसली तरी कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा. 1214 म्हणजे 2014 सालचा बारावा आठवडा. इतक्या जुन्या टायरवर घाट उतरू नका, अगदी कळकळीनं सांगतोय. जास्त उजेडाचे दिवे, उंच काच, सामानाच्या पेट्या हे सगळं त्यानंतर.