उडून जाणाऱ्या द्रवाची करणी

भेडाघाटला नावेतून जाणारा प्रवासी संगमरवराच्या शुभ्र कड्यांकडे पाहतच राहतो. हा पाषाण मूळचा चुनखडीच्या जातीचा, हे त्याच्या ध्यानी क्वचितच येते. भूगर्भातील उष्णतेने व दाबाने त्याचे कण नव्याने जुळले, स्फटिक वाढले. ती उष्णता केव्हाच निवाली; तिची करणी मात्र दगडात राहिली. जबलपूरकरांच्या परिचयाचे हे उदाहरण एका अगदी नव्या विद्येलाही लागू पडते.

प्लॅस्टिक म्हणजे विजेला अडविणारा पदार्थ, ही समजूत 1977 साली शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनी मोडून काढली. त्याबद्दल त्यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातल्या अर्धवाहक पॉलिमरांपासून आज सौरघट तयार होतात. पॉलिमर द्रवात विरघळवावे, काचेवर पातळ लेप द्यावा, द्रव उडाला की झाले! कृती अशी सोपी दिसते खरी. पण सारी गोम त्या उडून जाणाऱ्या विद्रावकातच आहे.

क्लोरोफॉर्म 61 अंश सेल्सियसला उकळतो. वैशाखात जबलपूरच्या गच्चीवर टाकलेले धोतर वाळावे, तसा त्याचा लेप पाहता पाहता सुकतो, आणि लांबलचक रेणूंना शेजाऱ्याशी अंग जुळवून बसायला सवडच मिळत नाही. ट्रायक्लोरोबेंझीन उकळते 214 अंशांना. त्यातून पॉलिथायोफीन सावकाश थिजते, रेणूंच्या नीट रांगा लागतात आणि विद्युत्भार सुमारे दहापट सुलभतेने सरकतो. पदार्थ तोच, वागणूक निराळी.

सावकाशपणा हेच मात्र सर्वस्व नव्हे. 2001 साली ऑस्ट्रियातील लिंत्स येथे पॉलिमर व फुलरीन यांच्या मिश्रणाचे घट करून पाहण्यात आले. टोल्युइनमध्ये फुलरीन नीट विरघळत नाही. लेपात त्याच्या गाठी झाल्या आणि सूर्यप्रकाशापैकी जेमतेम 0.9 टक्का ऊर्जा हाती लागली. क्लोरोबेंझीन वापरताच मिश्रण एकजीव झाले व हा आकडा 2.5 टक्क्यांवर गेला.

परंतु क्लोरीनयुक्त विद्रावकांची वाफ आरोग्याला घातक असते. प्रयोगशाळेत थेंबभर वापरणे वेगळे आणि कारखान्यात पिंपे रिकामी करणे वेगळे. कामगाराच्या फुप्फुसांच्या मोलाने मिळालेली कार्यक्षमता फार महाग म्हटली पाहिजे. म्हणून आता रेणूंचीच घडण अशी बदलली जात आहे, की ते झायलीनसारख्या क्लोरीनविरहित द्रवातही उत्तम विरघळावेत. तीही काही निर्धोक नाहीत, पण त्यातल्या त्यात बरी. गंमत अशी, की लिंत्सला नापास झालेले टोल्युइनही या नव्या रेणूंच्या संगतीत पुन्हा परीक्षेला बसले आहे, आणि यंदा गुण चांगले मिळवीत आहे.